दोन शपथा आणि एक केक

संसारात काही वाक्यं अशी असतात की ती कानावर पडताच माणसाने चपला पायात सरकवून गुपचूप बाहेर पडावं. "या वर्षी गोड काय करायचं ते तुम्हीच ठरवा," हे त्यातलं एक. धाकट्यांच्या बायकोने ते सकाळच्या चहाबरोबर उच्चारलं, आणि धाकटे बाहेर पडले नाहीत. ही पहिली चूक. पुढच्या सगळ्या चुका तिच्याच पोटी जन्माला आल्या.

धाकटे म्हणजे दोन भावांतले धाकटे. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस साथ सोडून गेले, पण हे नाव काही सोडून गेलं नाही. थोरल्याला सगळे दादा म्हणत. दर वर्षी झाडांची पानं पिवळी पडू लागली की शरदातली मोठी सुट्टी येई आणि दोन्ही घरं दादांकडे एकत्र जेवत. जेवण कसंही होवो, शेवटी वहिनींच्या हातचं काहीतरी गोड येई आणि लोक मघाचं जेवण विसरून जात. या वर्षी दादांच्या घरात रंगकाम निघालं होतं, म्हणून जेवण धाकट्यांकडे आलं.

"स्वयंपाक सगळा मी बघते," बायको म्हणाली. "गोडाचं तेवढं तुम्ही बघा. जाऊबाईंच्या पुढे मी काही गोड करून ठेवायची नाही. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?"

दुसऱ्या कुणाला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटला असता. धाकट्यांना मात्र ते डोंगराएवढं वाटलं, आणि का वाटलं हे ते जगात कुणालाही सांगू शकत नव्हते.

त्याचं असं होतं. धाकटे नाक्यावरच्या तपासणी प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करत. इमारतीत त्यांना रक्तवाले म्हणत. हात इतका हलका की सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते पेशंटला कळत नसे. पण धाकट्यांना अभिमान हाताचा नव्हता, तोंडाचा होता. कुणाच्या रक्तात काय सापडलं हे त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. सगळा गोतावळा त्यांच्याकडेच रक्त द्यायला येई, थोडा सवलतीसाठी आणि बराचसा या तोंडासाठी. त्यामुळे एखाद्या लग्नात नुसती नजर फिरवली तरी धाकट्यांना माणसं दिसत नसत. चालतंबोलतं कोलेस्टेरॉल दिसे.

मागच्याच महिन्यात दादा आले होते. पायाच्या बोटाला नवा बूट चावला होता आणि जखम भरत नव्हती. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि गोड साफ बंद केलं. बाहेर आल्यावर दादांनी धाकट्यांचा दंड धरला.

"तुझ्या वहिनीला यातलं अक्षर कळता कामा नये."

"अरे पण दादा, गोड सोडायचंय तुला. तिला न सांगता कसं सोडशील?"

"तिला कळलं तर ती करायचंच सोडेल रे. उभ्या जन्मात तिचं कौतुक झालं असेल तर त्या एकाच गोष्टीचं. मी पहिला चमचा उचलतो तेव्हा समोर बसून बघत असते. तिचा जीव त्या चमच्यात असतो. घे माझी शपथ."

धाकट्यांनी शपथ घेतली. ती अंगवळणी पडते न पडते तोच वहिनी आल्या. चक्कर येते म्हणाल्या. रक्त काढलं, रिपोर्ट आला, आणि डॉक्टरांनी पुन्हा चष्मा पुसला.

"भावजी," वहिनी पदर खोचत म्हणाल्या, "तुमच्या दादांना सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल."

"वहिनी, असं काय बोलता?"

"मग काय? पहिला घास मला भरवल्याशिवाय ते गोडाला हात लावत नाहीत. मी नको म्हटलं की तेही सोडतील. आणि गोड सुटलं की त्यांची चिडचिड कुणी सोसायची? तुम्ही याल सोसायला?"

अशा रीतीने एकाच घरात, एकाच रंगाच्या गोळ्या दोन ठिकाणी लपल्या. दादांच्या बुटाच्या पॉलिशच्या डब्यात, वहिनींच्या शिवणयंत्राच्या खणात. दोघंही एकमेकांच्या सुखासाठी रोज गोड खात होते आणि दोघांच्याही रक्ताचा पाक होत चालला होता. आणि दोन्ही बाजूंच्या शपथा एकट्या धाकट्यांच्या छातीवर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

तेव्हा गोड असं हवं होतं की ज्यात साखर नाही, आणि ती नाही हे कुणाला कळणार नाही. दादांची जखम अजून ओली होती. धाकट्यांनी स्वतःच्या हाताने तिची पट्टी बदलली होती.

"चॉकलेटचा केक सांगू या," बायको म्हणाली.

"नको."

"का?"

"जड होतो."

"मग कस्टर्ड?"

"पातळ होतं."

"आइस्क्रीम?"

"गार असतं."

बायकोने त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. "आइस्क्रीम गार असतं, हे तुम्हाला आज समजलं का?"

"आपण फळं कापून ठेवू या की. छान बशीत वगैरे मांडून."

"फळं आजाऱ्याला नेतात. माणसं जेवायला येतायत, समाचाराला नाही."

धाकट्यांनी शेजारधर्माचा आधार घ्यायचं ठरवलं. वास्तविक शेजाऱ्यांचा सल्ला म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर. पण बुडत्याला एवढा विचार करायला सवड नसते. समोरच्या दारातल्या काकू मटार सोलत बसल्या होत्या.

"काकू, समजा एखाद्याला साखर चालत नसेल..."

"कुणाला?"

"समजा हो."

"समजा म्हणून कुणी विचारत नाही. कुणाला चालत नाही?"

"कुणालाच नाही. म्हणजे सगळ्यांना चालते."

"मग विचारता कशाला?" काकूंनी एक शेंग मोडली. त्या आवाजाने धाकट्यांना उगाच अपराधी वाटलं.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर मात्र असल्या चौकशा करत नसत. कोणत्याही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे तयार असे, प्रश्न पुरा व्हायची त्यांना गरज नसे. "भोपळा!" ते म्हणाले. "निसर्गतः गोड. किसा, अंडं फोडा, भाजा. साखरेचा कणही नको. माझी भट्टी घेऊन जा. बायको गेल्यापासून तिच्यात मी मोजे वाळवतो."

विजेवर चालणारी ती भट्टी दोघांनी मिळून खाली उतरवली. बायको बाजारात गेल्याची संधी साधून धाकट्यांनी भोपळा किसला, बोटंही थोडी किसली, आणि बटण दाबलं. भट्टीने एकदा हुंकार दिला आणि सगळी इमारत अंधारली. पंखे थांबले, पंप थांबला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. लिफ्टमध्ये इमारतीचे सेक्रेटरी होते. त्यांना बाहेर ओढून काढेपर्यंत निम्मी इमारत जिन्यात जमली होती आणि धाकटे हातात पिवळा किस घेऊन उभे होते. सेक्रेटरींनी कपडे झटकले, श्वास घेतला आणि सुटकेनंतरचा पहिला शब्द उच्चारला.

"लेखी द्या."

"काय लेखी देऊ?"

"जादा भाराचं उपकरण विनापरवानगी का लावलं, कशासाठी लावलं आणि तो पदार्थ घरगुती आहे की व्यावसायिक."

"भोपळा आहे हो."

"तेच लेखी द्या."

कशासाठी लावलं, हेच तर धाकटे लिहू शकत नव्हते. भट्टी पुन्हा वर गेली. भट्टीतला भोपळा अर्धा कच्चा राहिला. धाकट्यांनी तो चाखून पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की निसर्गतः गोड असण्याच्या बाबतीत निसर्ग आणि हेडमास्तर यांचं एकमत नाही.

शेवटी उरला बेकरीवाला. तो बिनसाखरेचा केक करतो अशी पाटीच दुकानावर होती, आणि धाकट्यांना इतक्या दिवसांत प्रथमच देव आहे असं वाटलं.

"करून देतो," बेकरीवाला म्हणाला. "पण वर लिहावं लागतं."

"काय?"

"'मधुमेहींसाठी'. खोक्यावर आणि केकवर पण. नियम आहे."

"खोक्यावर ठीक आहे. केकवर कशाला?"

"खोक्यातून काढल्यावर ओळखायचा कसा? मागे एकाने साध्या केकशी अदलाबदल केली. तेव्हापासून तपासणीवाले बारीक लक्ष ठेवतात."

"अहो, पण हे आपल्यातच राहिलं पाहिजे. पाहुण्यांना कळायला नको."

बेकरीवाल्याने हात पुसला आणि वेगळ्याच नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, लोक साखर चोरून खातात हे मी पाहिलंय. साखर नसलेलं चोरून खायला घालणारे तुम्ही पहिलेच."

धाकटे मान खाली घालून घरी आले. वर्षानुवर्षं लोकांनी विश्वासाने आपला हात त्यांच्या हातात दिला होता, आणि आज एका बेकरीत त्यांच्याकडे चोर म्हणून पाहिलं गेलं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि ताक तरी धड मिळावं!

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते केक घेऊन आले आणि जिन्याच्या वळणावर खोकं उघडलं. गोल, तपकिरी, देखणा केक होता, आणि त्यावर दुकानाच्या पाटीला शोभतील अशा ठळक अक्षरांत 'मधुमेहींसाठी' होतं, खाली एक फूल. धाकट्यांनी खिशातून चाकू काढला आणि अक्षरं खरवडायला घेतली. अक्षरं निघाली, पण जाताना केकचं कातडं घेऊन गेली. शेवटी 'म' तेवढा हट्टाने राहिला. तो काढताना मध्ये खड्डाच पडला. फूल मात्र शाबूत राहिलं. उजाड माळावर एकटंच झुडूप उभं राहावं तसं ते दिसत होतं.

घरच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती आणि बायकोने हे ध्यान पाहून चालणार नव्हतं. त्यांनी केक एका साध्या डब्यात घालून समोरच्या काकूंकडे दिला.

"जेवण झालं की आणा. पण काकू, डबा उघडू नका."

काकूंना 'डबा उघडू नका' असं सांगणं म्हणजे काय, हे धाकट्यांना कळायला हवं होतं. पण इतक्या दिवसांच्या धावपळीने त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं.

दादा आणि वहिनी आले. दादा किंचित लंगडत होते. "नवा बूट," ते वहिनींना म्हणाले. वहिनी जिना चढून आल्यावर भिंतीला टेकल्या. "ऊन लागलं," त्या दादांना म्हणाल्या. धाकट्यांनी दोघांकडे पाहिलं. आपला म्हणावा असा हा एकच भाऊ आणि ही एकच वहिनी. आई गेल्यावर ज्यांनी आपल्याला ताटावर बसवलं, ती दोघं डोळ्यांदेखत एकमेकांना प्रेमाने मारतायत आणि आपण पाणी वाढतोय, या विचाराने त्यांच्या हातून पाणी सांडलं.

जेवण छान झालं. बायकोचं कौतुक झालं. मग दादांनी हात चोळले आणि म्हणाले, "हं, गोडाचं खातं धाकट्याकडे आहे म्हणे!" हे म्हणताना त्यांचा आवाज हसरा होता आणि डोळे केविलवाणे होते. धाकट्यांनी त्यांना नजरेनेच धीर दिला. मग वहिनींनाही दिला. दोघांच्या मध्ये बसून दोन बाजूंना दोन वेगवेगळे धीर देताना त्यांची मान अवघडली.

इतक्यात काकू आल्या. त्यांच्या हातात डबा नव्हता. तबक होतं. तबकावर केक होता, आणि तो पांढराशुभ्र होता.

"उघडला मी डबा, खोटं कशाला बोलू," काकू म्हणाल्या. "आणि उघडला ते बरं झालं! काय ती केकची दशा, जसा काही उंदरांनी सभा भरवली होती त्याच्यावर. म्हटलं, एवढी माणसं जेवायला येणार, रक्तवाल्यांची अब्रू ती आपली अब्रू. घरात होतं नव्हतं तेवढं क्रीम आणि पिठीसाखर घोटून वर थापली. आत पण भरली, खड्डा होता ना मध्ये. चांगली दोन बोटं जाड आहे. काही आभार मानू नका."

धाकट्यांनी मानले नाहीत.

"वा!" दादा म्हणाले.

"सुरेख!" वहिनी म्हणाल्या.

दोघांचेही चेहरे केकसारखेच पांढरे पडले होते. पण शपथा शपथांच्या जागी आणि प्रेम प्रेमाच्या जागी. वहिनींनी केक कापला आणि सगळ्यांत मोठा तुकडा दादांच्या बशीत घातला. दादांनी चमचाभर क्रीम उचललं आणि वहिनींच्या तोंडाजवळ नेलं. वहिनींनी चमच्याआडून धाकट्यांकडे पाहिलं: सांगाल तर खबरदार. दादांनी मान वळवून पाहिलं: शपथ घेतलीयस. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध तो चमचा.

"थांबा!" धाकटे ओरडले. ते उभे राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली. "मला शुगर झालीय."

धाकट्यांचं रक्त इतकं निर्मळ होतं की प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की ते लावून पाहायला त्यांचंच रक्त घेत. पण बोललेला शब्द काही सुईसारखा परत ओढून घेता येत नाही.

"खूप झालीय," त्यांनी भर घातली. "आणि कुणी समोर गोड खाल्लं की मला फार त्रास होतो. सोसवत नाही."

बायकोच्या हातातली बशी टेबलावर आदळली. "म्हणून चॉकलेट जड होत होतं!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "म्हणून तो भोपळा! माझ्यापासून लपवून एकटे सोसत होतात?"

"तरी मी म्हटलं, हा 'समजा' कोण?" काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मटार सोलतानाच मी ओळखलं होतं."

धाकट्यांना तेव्हा कळलं की खोट्याला पुरावा शोधावा लागतो असं नाही. आपणच तो महिनाभर मन लावून गोळा केलेला असतो. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी मात्र त्यांना सहन होईना. तिला तरी खरं सांगावं असं अगदी ओठांवर आलं. पण तिला सांगितलेलं जाऊबाईंना न कळणं अशक्य होतं. त्यांनी ओठ मिटले.

दादांनी चमचा खाली ठेवला होता. इतक्या चपळाईने त्यांनी आयुष्यात काही खाली ठेवलं नव्हतं. "माझा धाकटा भाऊ खाणार नाही तर मीही खाणार नाही," ते म्हणाले. "आज नाही आणि उद्याही नाही."

"भावजींना चालत नाही म्हटल्यावर माझ्या तरी घशाखाली कसं उतरेल?" वहिनींनी बशी इतकी दूर सरकवली की ती काकूंपर्यंत पोचली. "आजपासून आमच्या घरी गोड बंद. का हो?"

"बंद! भावासाठी एवढंही करायचं नाही?"

केक काकूंबरोबर समोरच्या दारात परत गेला. दार लागेपर्यंत धाकटे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर त्या घरात गोडावर सगळ्यांत जास्त जीव कुणाचा असेल तर तो धाकट्यांचा. क्रीम कसं लागतं, एवढंही त्यांना कळलं नाही.

निघताना दादांनी त्यांना जिन्यात मिठी मारली. रडत होते. "हे आपल्या घरातच आहे रे," ते कानात पुटपुटले. "तू एकटा नाहीस, एवढंच सांगतो. याहून जास्त सांगता येत नाही." धाकट्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं. स्वतःच्या नसलेल्या आजाराबद्दल दुसऱ्याचं सांत्वन करायची वेळ शत्रूवरही येऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून चहात साखर येईना. बायकोने साखरेचा डबा कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. सेक्रेटरींनी भट्टीचं प्रकरण माणुसकीच्या नात्याने मिटवलं, पण तसं लेखी मागितलं. हेडमास्तर पहाटे दार वाजवून एक हिरवा, कडू रस आपल्या देखत प्यायला लावू लागले. काकू जिन्यात भेटल्या की "काय म्हणते?" असं विचारत, आणि कोण ते विचारावं लागत नसे.

पण दादांची जखम सुकली. पट्टी सोडताना खालची कोवळी, गुलाबी कातडी पाहून धाकट्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चेहरा दुसरीकडे वळवला. वहिनींची चक्कर थांबली. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट पाहिले आणि चष्म्याला हात लावला नाही. हे सगळं एकट्या धाकट्यांना माहीत होतं आणि ते एकट्यानेच माहीत ठेवायचं होतं.

रंगकाम आटोपल्यावर दादांनी त्यांना जेवायला बोलावलं. जेवण झालं आणि वहिनी आतून झाकलेलं भांडं घेऊन आल्या. त्यांचा चेहरा फुलून आला होता.

"भावजी, इतकी वर्षं सगळ्यांसाठी केलं. हे फक्त तुमच्यासाठी. भोपळ्याचं पुडिंग, साखरेचा कण नाही. हेडमास्तरांना विचारून केलंय. आता दर रविवारी यायचं."

दादांनी पहिला चमचा वहिनींना भरवला, मग स्वतः खाल्ला. दोघांनी डोळे मिटून ते इतकं बिनघोर खाल्लं की पाहणाऱ्याला वाटावं, या दोघांनी आजवर गोड कधी चाखलंच नव्हतं. धाकट्यांनी एक चमचा तोंडात घातला. ओल्या पुठ्ठ्याला चव असती तर ती याहून बरी लागली असती.

"कसं झालंय?" वहिनींनी विचारलं. त्या समोर बसल्या होत्या, पुढे झुकून, आणि त्यांचा सगळा जीव धाकट्यांच्या हातातल्या चमच्यात होता. "अगदी खरं सांगा हं."

धाकट्यांनी घास गिळला आणि बशी पुढे केली.

"वाढा अजून," ते म्हणाले.